कोरडी चिठ्ठी

कागद कोरडा आहे की ओला, हे काकाजी हाताने कधी पाहत नसत. कागद खालच्या ओठाला लावायचा, डोळे मिटायचे आणि घडीभर गप्प राहायचं, ही त्यांची रीत. नव्या माणसाला वाटे, म्हातारा मंत्र म्हणतोय. पहिल्या दिवशी मलाही हसू आवरलं नव्हतं. “काहून हसून राहिली?” त्यांनी डोळे न उघडताच विचारलं. “सारी उमर कारखान्यात लोखंड घासलं. हाताले घट्टे पडले, त्याइले ओल समजत नाई. ओठाले समजते.” मग कागद खाली घेऊन ते “कोरडी हाय” म्हणाले आणि आत काकूंना चहाची हाक दिली.

काकाजींना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांचा विषय निघाला की मी भरभरून बोलते, गमती सांगते, लोक हसतात. एक गोष्ट मात्र दरवेळी गाळते. इथे ती गाळायची नाही असं ठरवलं, म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले.

आधी आमचा धंदा सांगते. आम्ही चौघं पाण्याखाली उतरून धरणांची दारं, बुडालेले बोगदे, जुन्या विहिरी तपासतो. मी अड्याळची, गावच्या तलावात पोहायला शिकलेली; पुढे बाहेर जाऊन रीतसर शिक्षण घेतलं. लांबच्या बोगद्यात पोहत गेलं तर माणूस दमतो आणि पाठीवरच्या टाकीतली हवा भराभर संपते. त्यासाठी पाण्याखालची स्कूटर असते. स्कूटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सीट आणि आरसे येतात. तसं काही नसतं. कमरेएवढं लांब नळकांडं, पोटात बॅटरी, मागे मोटर आणि पंखा. मूठ धरून कळ दाबली की ती आपल्याला ओढत नेते. फक्त एकच गोष्ट सांभाळायची, पोटात पाण्याचा थेंब जाता कामा नये. तीनशे मीटर आत गेल्यावर ती बंद पडली, तर ढकलायला रस्त्यावरचे लोक मिळत नाहीत.

तो थेंब बाहेर ठेवण्याचं काम काकाजींचं. जवाहरनगरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, वसाहतीबाहेर स्वतःचं दोन खोल्यांचं घर, मागे टिनाचं शेड. आमच्यातला संदीप त्यांच्या ओळखीतला. परदेशातून आणलेली पहिली स्कूटर महिन्याभरात गळायला लागली, तेव्हा तो ती काकाजींकडे घेऊन गेला. काकाजींनी ती चारी बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, “बनवणाऱ्यानं चांगली बनवली. वापरणाऱ्यानं वाट लावली.” त्या दिवसापासून आमच्या तिन्ही गाड्या त्यांच्या शेडमध्ये गेल्या. ते स्कूटर म्हणत नसत, गाडीच म्हणत.

गंमत अशी की या माणसाला पाण्याची भयंकर भीती. वैनगंगेच्या खोऱ्यात जन्म गेला, पण घोट्याच्या वर पाय कधी भिजवला नाही. आमच्याबरोबर कामाच्या जागी आलेच, तर पाण्याकडे पाठ करून बसत. “तुमी जा खुशाल. माहा जीव गाडीत हाय, मले पाण्यात यायचं काम नाई,” असं म्हणत. आम्ही आत असेपर्यंत मात्र बिडी पेटवत नसत, की डबा उघडत नसत. आम्ही वर आलो की आधी गाडी उघडायला घेत, मग आमच्याकडे पाहत. संदीप चिडवायचा, “काकाजी, आमी जित्ते हाओ का नाई ते तं पाहा!” काकाजी शांतपणे म्हणत, “गाडी कोरडी असंल तं तुमी जित्तेच रायता.”

सुटे भाग निवडायला त्यांच्याबरोबर नागपूरला जाणं ही एक शिक्षाच होती. स्कूटरचं नळकांडं जिथे बंद होतं तिथे खाचेत रबराची गोल रिंग बसते. मेकॅनिक लोक तिला ओरिंग म्हणतात. करंगळीहूनही बारीक, पण सगळं पाणी तिने अडवायचं. दुकानदार समोर दहा रिंगा टाकी आणि काकाजी एकेक उचलत. डोळे मिटून अंगठा आणि नखामधून रिंग फिरवत. कुठे जोड दिलेला असला की तिथे नख अडके. मग ती उन्हात वाकवून बारीक चिरा पाहत. शेवटी वास घेत. “हे रबर म्हातारं हाय,” असं सांगून नवंकोरं पाकीट परत करत. दुकानदार म्हणे, बाबूजी, कालच माल आला. काकाजी म्हणत, “माल काल आला, पण रबर मागच्या सालचं हाय.” दहातून दोन रिंगा घेऊन आम्ही बसने परत. एकदा मी वैतागून म्हणाले, सगळ्या सारख्याच तर दिसतात. “दिसतीन ना. पाण्याले तुह्यासारखे डोळे नाईत, बाई. ते चाचपून पाह्यते,” ते म्हणाले.

आणलेल्या रिंगा ते खिळ्याला टांगू देत नसत, ताणल्या जातात म्हणून. पसरट डब्यात, पावडर भुरभुरून, आडव्या झोपवून ठेवत. पावडर काकूंची. काकू म्हणायच्या, “माह्या तोंडाले लावाले कवा उरली का?” ग्रीसच्या दोन डब्या वेगळ्या, एकीवर लाल रेघ, एकीवर निळी, कारण सिलिकॉनच्या रिंगेला सिलिकॉनचंच ग्रीस लावलं की ती फुगून बसते. ग्रीस तरी किती लावायचं? आम्ही थापत असू. काकाजी बोटाच्या टोकाला नुसती चमक येईल इतकंच घेत. “ग्रीस रिंग सरकाले असते, पाणी अडवाले नाई,” हे वाक्य मी अजून रोज कुणाला तरी सांगते.

आणि चिठ्ठी. गाडी बंद करताना काकाजी वहीच्या कागदाची बोटभर पट्टी फाडत, तिच्यावर शाईपेनाने तारीख आणि बंद करणाऱ्याचं नाव लिहीत आणि ती आत बॅटरीशेजारी ठेवत. मग रिंग पुसायची, पाहायची, बसवायची, कड्या लावायच्या आणि गाडी तासभर अंगणातल्या हौदात दगड बांधून बुडवायची. पाण्यातून काम करून आल्यावर उघडायचं आणि चिठ्ठी ओठाला लावायची. कोरडी निघाली की ती बिस्किटांच्या जुन्या डब्यात जाई. वर्षानुवर्षांच्या चिठ्ठ्या होत्या त्यात, जवळजवळ सगळ्या त्यांच्याच नावाच्या.

नियम एकच होता, जो उघडेल तोच बंद करील आणि बंद करणाऱ्याचं नाव आत जाईल. एका पावसाळ्याआधी संदीपने स्वतः बंद केलेल्या गाडीत चमचाभर पाणी निघालं. काही नुकसान झालं नव्हतं. पण चिठ्ठी ओली होती आणि नाव संदीपचं होतं. काकाजी रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, “आता तुहे हात बंद.” पुढचे चार महिने संदीपला गाड्या धुण्यापलीकडे हात लावू दिला नाही. आम्ही त्याला त्या पावसाळ्यात धोबी म्हणत होतो. मग एक दिवस काकाजींनी आपण होऊन त्याच्यापुढे रिंग ठेवली, तेव्हा या जाडजूड माणसाचे डोळे भरून आले होते. मी तेही चिडवायला वापरलं.

धानाची मळणी सुरू झाली की शेडची तऱ्हा बदले. आमच्याकडे त्या दिवसांत हवेतच तूस असतं. कपड्यांत, केसांत, भाजीत. काकाजी शेडच्या दाराला ओल्या चादरी टांगत, फरशीवर पाणी मारत आणि डोक्याला फडकं बांधून कामाला बसत. आमच्यापैकी कुणी शेतावरून आलं असेल तर आधी हातपाय धुऊन, केस झटकून मगच आत घेत. मला तर दारातच थांबवत. “तू अड्याळची. तुह्या अंगावर अख्खं खळं असंल,” म्हणत.

तर त्याच दिवसांतली गोष्ट. पवनीच्या पलीकडे एका जुन्या उपसा योजनेचा पाण्यात बुडालेला बोगदा तपासायचा होता. काकाजींनी दोन दिवस आधी तीनही गाड्या बंद करून, हौदातून काढून तयार ठेवल्या होत्या. अड्याळ वाटेवरच, म्हणून आदल्या दुपारी मी एक गाडी घेऊन घरी गेले. सकाळी बाकीचे मला तिथून घेणार होते.

आमच्या अंगणाला लागूनच खळं. मळणीयंत्र चालू होतं, आठदहा माणसं कामावर. आमचे बाबा गावात सांगत फिरायचे, माही पोरगी पाण्यात काम करते, पण नेमकं काय करते हे त्यांना कधी नीट सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी वस्तूच घरी आली. कामावरची माणसं यंत्र थांबवून भोवती जमली. बाबा म्हणाले, “आत काय हाय ते दाखव ना यायले.” मी नाही म्हणायला हवं होतं. पण बाबांचा चेहरा इतका फुलला होता, आणि खरं सांगायचं तर माझाही फुलला होता. मी कड्या सोडल्या. बॅटरी दाखवली, मोटर दाखवली, काकाजींची चिठ्ठीही दाखवली. “याच्यात चिठ्ठी कायले?” एकाने विचारलं आणि सगळे हसले. मीही हसले. मग यंत्र पुन्हा सुरू झालं, मी ओढणीच्या टोकाने रिंग पुसली, झाकण लावलं, कड्या लावल्या. चिठ्ठी तीच आत ठेवली, काकाजींच्या नावाची. आपण कुठे काही काम केलं, नुसती दाखवली तर आहे, असा विचार केला.

सकाळी एकदा वाटलं, सांगावं. पण सांगितलं असतं तर गाडी परत उघडून, पुसून, तासभर बुडवून पाहावी लागली असती आणि जीप दारात उभी होती. पोचल्यावर संदीप म्हणाला, “काकाजीनं बंद केलेली कोणती? थे मले दे.” त्याचे धुण्याचे चार महिने संपले तेव्हापासून त्याची तशी श्रद्धाच होती. खरं तर तिन्ही त्यांनीच बंद केल्या होत्या, पण मी आणलेली हाताशी होती. मी ती त्याच्या हातात दिली.

बोगद्यात बरंच आत गेल्यावर संदीपची गाडी अडखळली. पंखा दोनदा फिरला, थांबला, आणि गाडीचं नाक खाली जाऊ लागलं. पोटात पाणी भरल्यावर ती दगडासारखी जड होते. त्याने ती सोडून द्यायला हवी होती. काकाजींची म्हणून सोडवेना. मी त्याला माझ्या गाडीला धरून ओढत बाहेर आणलं. तोवर त्याने घाबरून इतकी हवा ओढली होती की अंगात मुरलेला वायू हळूहळू निघून जावा म्हणून वर येताना टप्प्याटप्प्याने जे थांबायचं असतं, ते अर्धवटच झालं. काठावर येईपर्यंत त्याच्या खांद्यात कळा सुरू झाल्या होत्या आणि डावा हात मुंग्या येऊन जड पडला होता. आम्ही त्याला ऑक्सिजन लावला आणि नागपूरला नेलं. तो वाचला, हातही पुढे बरा झाला. पण पहिले दोन दिवस डॉक्टर काही बोलत नव्हते.

गाडी मी काठावरच उघडली होती. पाणी भसकन बाहेर आलं आणि पाण्याबरोबर चिठ्ठी. शाई पसरली होती, तरी नाव वाचता येत होतं. आमच्यातल्या दोघांनी ते वाचलं आणि एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला, “वय झालं त्याईचं.” मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी तिन्ही गाड्या काकाजींकडे नेल्या. त्यांनी शेडमध्ये दिवा ओढून घेतला, भिंग डोळ्याला लावलं आणि संदीपच्या गाडीची खाच पाहत गेले. एका जागी थांबले. चिमट्याने काहीतरी काढून तळहातावर ठेवलं. धानाचं तूस होतं, एकच. ते उठले, दाराच्या चादरीपाशी गेले, चादर वरून खालपर्यंत तपासली, फरशी पाहिली, डोक्याचं फडकं सोडून झटकलं. मग माझ्याकडे वळले आणि विचारलं, “बाई, मधात कोणी उघडली तं नोयती?”

मी म्हणाले, “नाही, काकाजी.”

का म्हणाले, याची कारणं मी पुष्कळ वेळा जमवली आहेत. संदीप दवाखान्यात होता. चौघांत मी एकटी बाई. या धंद्यात शिरताना कितीजणांची तोंडं वाकडी झाली होती ते मला ठाऊक होतं. खळ्यात गाडी उघडून बसली, हे कळल्यावर मला कुणी पुन्हा पाण्याजवळ फिरकू दिलं नसतं. ही सगळी कारणं खरी आहेत. तरी प्रश्न विचारला गेला तेव्हा यातलं एकही माझ्या मनात नव्हतं. मी फक्त भ्यायले आणि नाही म्हणाले.

काकाजींनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत लावला आणि तूस पुन्हा पाहिलं. “मंग माहेच डोळे गेले,” ते म्हणाले. “पोरगा मेला असता माह्या हातून.” चिठ्ठी त्यांनी खिडकीत वाळत ठेवली. संध्याकाळी तिन्ही गाड्या, दोन्ही ग्रीसच्या डब्या आणि रिंगांचा पसरट डबा आमच्या जीपमध्ये आणून ठेवला. मी म्हणाले, काकाजी, असं काय करता, चूक कुणाचीही होते. हे वाक्य मी म्हणाले. ते म्हणाले, “संदीपले मी चार मयने बसवलं होतं. त्याच्या गाडीत चमचाभर पाणी होतं.” स्वतःला किती दिवस बसवायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं गेली. त्यांनी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले. डॉक्टर म्हणाले होते, अजून पिकले नाहीत, थांबा. ते थांबले नाहीत. सायकल विकून टाकली. मी दर काही महिन्यांनी जात असे. “जयभीम, काकाजी,” म्हणत दारात उभी राहिले की ते तोंडभर हसत, संदीपच्या हाताची चौकशी करत आणि तो बरा आहे म्हटल्यावर मान हलवत. मी दरवेळी ठरवून जाई आणि दरवेळी नव्या तांदळाची पिशवी देऊन परत येई. आमच्याच खळ्यातला तांदूळ. काकू म्हणत, किती जीव लावते पोरगी.

एकदा काकाजी बाहेर गेले होते, तेव्हा काकू सहज बोलून गेल्या. “याईले आता काय झालं कोनास ठाऊक. गॅसची कळ बंद केली का, मले पाहाले लावते. गोळ्या डब्बीतून काढून मले दाखवते, याच हायेत ना म्हणून. कुलूप लावलं तं चारदा वडून पाह्यते, मंग मले म्हणते, तू वडून पाह्य.” त्या हसत होत्या. इतके दिवस मी एवढंच समजत होते की काकाजींचं काम सुटलं, कमीपणा आला, वाईट झालं. त्यांचं नुसतं काम सुटलेलं नव्हतं. आपल्या डोळ्यांवर आणि हातांवर माणसाचा जो सहज भरवसा असतो, तो मी काढून घेतला होता.

पुढच्या रविवारी मी गेले आणि तांदूळ नेला नाही. दोघं समोरच्या खोलीत बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं, “काकाजी, थे गाडी मी उघडली होती. घरी. खळ्याजोळ. तुमी इचारलं तवा मी खोटं बोलली.”

काकू माझ्याकडे पाहतच राहिल्या. काकाजींनी विचारलं, “पुसली कायनं?”

“ओढणीनं.”

“सुती?”

“नाही. नायलॉनची.”

“बोट फिरवून पाह्यलं होतं?”

“नाही, काकाजी.”

“हौदात?”

मी नाही अशी मान हलवली. एखाद्या कामाची चौकशी करावी तसे ते एकेक विचारत गेले आणि मी सांगत गेले. मला वाटलं, आता ओरडतील. मला ते हवंही होतं. ते आपल्या दोन्ही हातांकडे पाहत म्हणाले, “दोन सालं म्या यायले खोटं समजलो, बाई.” काकू उठून आत गेल्या. त्या दिवशी त्या घरात मला चहा मिळाला नाही, आणि निघताना काकू दारापर्यंत आल्या नाहीत. तिथून मी सरळ संदीपकडे गेले आणि त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, “तेव्हाच सांगतली असती तं मी दोन शिव्या देल्ल्या असत्या अन् खतम झालं असतं.” मग महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

आठवड्याने काकाजींचाच फोन आला. “गाडी घेऊन ये. अन् आंग धुऊन ये.” मी इतकी धावत गेले की वरठीच्या फाटकापाशी चलान होता होता वाचलं. शेड झाडून ठेवलं होतं, दाराला ओली चादर होती. मळणीचे दिवस नव्हते, तरी होती. काकाजी डोक्याला फडकं बांधून बसले, रिंग घेतली, डोळे मिटले आणि नखातून फिरवली. माझ्या छातीवरचा दगड खाली उतरतोय असं वाटलं. मग त्यांनी ती परत फिरवली. पुसली. परत फिरवली. भिंग लावून पाहिली, उन्हाकडे धरून पाहिली, पुन्हा पुसली. पूर्वी एकदा फिरवली की काम व्हायचं. सहाव्यांदा त्यांनी ती माझ्यापुढे धरली. “तू पाह्य बरं.”

“साफ हाय, काकाजी.”

“नीट पाह्य.”

मी नीट पाहिली. अगदी स्वच्छ होती. तसं मी सांगितलं. तरी त्यांनी ती खाचेपाशी नेली आणि थांबले. हात थरथरत नव्हते, डोळेही ऑपरेशननंतर माझ्याहून चांगले होते. खरं काय घडलं ते त्यांना कळलं होतं, माझं बोलणं त्यांनी खरं मानलं होतं. पण दोन वर्षांत जी शंका मुरली, ती माझ्या दोन वाक्यांनी निघणार नव्हती. त्यांनी रिंग माझ्या तळहातावर ठेवली. “तूच लाव. चिठ्ठी तुह्या नावाची टाक.”

मी लावली. ते शेजारी बसून पाहत होते. ग्रीस जास्त झालं तेव्हा म्हणाले, “कमी कर.” कड्या लावल्यावर म्हणाले, “आता हौदात.” बाकी काही नाही.

ती गाडी पुढच्या आठवड्यात एका धरणाच्या दाराशी वापरली. वर येऊन उघडली, चिठ्ठी ओठाला लावली आणि तशीच रुमालात गुंडाळून जवाहरनगरला गेले. काकाजी शेडला कुलूप लावायच्या बेतात होते, मला पाहून थांबले. चिठ्ठी घेतली, ओठाला लावली, डोळे मिटले. “कोरडी हाय,” म्हणाले. मग आत जाऊन फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला. झाकण उघडलं तर सगळ्यात वर तीच होती, शाई पसरलेली, वाळून कडक झालेली. तिच्यावर त्यांनी माझी चिठ्ठी ठेवली आणि जरा वेळ दोन्हींकडे पाहत राहिले.

“तुह्या नावाची कोरडी निघाली, बाई,” ते म्हणाले. “माह्या नावाची शेवटची ओलीच राह्यली.”

मी म्हणाले, काकाजी, ती तुमची नव्हतीच, माझी होती. त्यांनी डबा बंद केला, फळीवर ठेवला, आम्ही बाहेर आलो. त्यांनी शेडला कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. पुन्हा पाहिलं. चारदा ओढून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, “तू वडून पाह्य.”

मी ओढून पाहिलं.